मुंबईच्या दगडात बेडूक, विदर्भात त्याचा खापरपणजोबा, मग पुण्याने काय घोडं मारलंय?

टेकडीवाला
मंडळी, रविवारी सोसायटीतली पोरं घेऊन वेताळ टेकडीला जातो आणि त्यांच्या प्रश्नांना पुरावं म्हणून आठवडाभर काहीबाही वाचत असतो. त्यात इंडोबॅट्रॅकस सापडला. म्हणजे नाव सापडलं, बेडूक नाही. मुंबईत वरळी-मलबार हिलच्या बाजूला दोन लाव्हाथरांच्या मध्ये काळी शेल (चिखल घट्ट होऊन झालेला पापुद्र्यांचा दगड) आहे, तिच्यात मिळालेला छोटासा बेडूक, वय ६ कोटी वर्षांपेक्षा जास्त. त्याचं पहिलं वर्णन १८४७ सालचं आहे आणि ते केलंय रिचर्ड ओवेनने, म्हणजे ज्याने डायनासोर हे नाव दिलं त्याच माणसाने! क्लार्क नावाच्या साहेबाने मुंबईहून नमुने पाठवले होते. हा क्लार्क मुंबईच्या रेल्वेच्या कामावर आलेला इंजिनियर. बोरीबंदर-ठाणे गाडी धावली १८५३ ला, म्हणजे आपला बेडूक गाडीच्या आधी लंडनला पोचला.

आता माझी पोटदुखी अशी की दगड तोच, ट्रॅपही (म्हणजे दख्खनभर पसरलेले लाव्ह्याचे, बसाल्टचे थर) तोच, मग पुण्यात असलं काही का मिळत नाही? की आहे आणि आपण बघतच नाही? जाणकारांनी उजेड पाडावा. आणि शाळेत टी-रेक्सवर पोरांना सगळं पाठ असतं, पण स्वतःच्या राज्यातला हा प्राणी कोणालाच माहीत नसतो, याचं मला फार वाईट वाटतं.

निवांत_पेठ
पुण्यात जुने बेडूक नाहीत असं कोण म्हणतं? दुपारी १ ते ४ मध्ये आमच्या वाड्याची कडी वाजवून बघा.

चिंचपोकळी_स्लो
शेवटी मान्य केलंत की मुंबईत तुमच्यापेक्षा जुनं काहीतरी आहे. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

शंकासुर
मला हे पचत नाहीये. लाव्हा म्हणजे हजार-अकराशे डिग्री, त्याच्यात बेडूक पडला तर राख तरी राहील का? आणि वरून सांगायचं की हाडं न हाडं शाबूत. कोणीतरी नीट समजावून सांगा, लिंका फेकू नका.

बसाल्ट_बाबू
शंकासुर, शंका रास्त आहे, पण बेडूक लाव्हात सापडलेला नाही, तो दोन लाव्हांच्या मधल्या गाळात सापडला आहे. नोकरी दगडांतच गेली त्यामुळे जरा लांबण लावतो, सहन करा.

दख्खनचा ट्रॅप एका झटक्यात ओतला गेला असं लोकांना वाटतं, तसं झालं नाही. एक थर यायचा, थंड व्हायचा, मग काही काळ शांतता. कुठे हा काळ थोडा, कुठे हजारो वर्षांचा. जिथे वेळ मिळाला तिथे खळग्यांत पाणी साठलं, तळी झाली, शेवाळ आलं, शिंपले आले, झाडं उगवली, कासवं आणि बेडूक आले. मेलेले तळाच्या बारीक चिखलात रुतले. मग पुढचा लाव्हा आला आणि त्याने सगळं वरून बंद केलं. पोळ्यांच्या चळतीत मधेच एका पोळीवर चटणी सांडलेली असावी, तसा हा प्रकार आहे, जीवाश्म शोधायचे ते त्या चटणीत. या मधल्या थरांना इंटरट्रॅपियन म्हणतात. वरच्या लाव्ह्याची धग लागते ती गाळाच्या वरवरच्या भागाला, खालचा ओला चिखल बऱ्यापैकी वाचतो.

मुंबईच्या त्या थरात बेडूक इतके होते की १८६९ मध्ये स्टोलिझ्का या जीवाश्मतज्ज्ञाने त्यावर लिहिलं तेव्हा शीर्षकातच मुंबई बेटावरचे 'बेडकांचे थर' असा उल्लेख केलाय. ओवेनने त्याला राना वंशात (वंश म्हणजे जवळच्या जातींचा गट) टाकलं होतं, स्टोलिझ्काने तिथून उचलून ऑक्सिग्लॉसस केलं, आणि १९३० साली न्यूयॉर्कच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या नोबल यांनी दोन्ही मोडीत काढून इंडोबॅट्रॅकस हा नवा वंश केला. त्यांना त्याची ठेवण ऑस्ट्रेलियातल्या बेडकांच्या एका कुळाशी जुळती वाटली. हे नातं सगळ्यांना पटलेलं नाही, पण वंशाचं नाव टिकलं.

टेकडीवाला
बाबूकाका, हे असं पुस्तकात का नसतं हो!

शंकासुर
चटणी समजली. पण शेलमध्ये चपटा झालेला बोटभर सांगाडा बघून तो बेडूकच आहे, सरडा किंवा मासा नाही, हे १८४७ ला कशावरून ठरवलं?

प्रॅक्टिकलच्या_बाई
हा प्रश्न माझा. ज्युनियर कॉलेजला झूलॉजी शिकवली, मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्या टोचून पालथे पाडलेले बेडूक किती पाहिले त्याला गणतीच नाही (आता बंद झालं ते, बरंच झालं).

बेडकाचं हाड कुठेही ओळखू येतं. नडगीचं हाड घ्या. आपल्यात तिथे दोन वेगळी हाडं असतात, बेडकात ती दोन्ही जुळून एकच झालेली असतात आणि मधून एक बारीक खोबण जाते, नख फिरवलं तर जाणवते. ट्रेमधलं हाड धुऊन वाळवून पोरांच्या हातात दिलं की ती खोबण ती बरोबर शोधायची. पुढच्या पायातही तसंच, दोनाचं एक. घोट्याची दोन हाडं इतकी लांब की पायाला जणू आणखी एक सांधा जास्तीचा आहे. शिवाय फासळ्या जवळपास नाहीतच आणि मणके मोजके, शेवटी शेपटीच्या जागी एक सरळ दांडी, युरोस्टाइल. कमरेची हाडं लांबच लांब पुढे आलेली. उड्या मारायच्या म्हटल्यावर सगळा सांगाडाच त्या कामाला लावलेला आहे. सरड्यात किंवा माशात यातलं काहीच नसतं. त्यामुळे चपटा असो की अर्धा, ओवेनसारख्या माणसाला बेडूक ओळखणं अवघड गेलं नसणार. कोणता बेडूक हे मात्र अवघड, भांडण तिथेच आहे.

कोथरूडची_मावशी
बाई, मी तुमच्याच कुठल्यातरी बॅचची असणार. फॉर्मलिनचा वास आठवून आत्ता जेवण जाईना.

वऱ्हाडी_ठेचा
काय राजेहो, पुणं-मुंबईच चाललंय दोघांचं! ६ कोटीचा बेडूक म्हंजे आमच्या हिशोबानं कालचं पोट्टं हाय. ब्रॅकिऑप्स ऐकलंय का? आमच्या वर्धेच्या खोऱ्यातल्या मांगलीचा. वय २५ कोटी वर्षं. डायनासोर अजून जन्माला यायचे होते तेव्हा हे महाराज डबक्यात बसून होते.

नागपूरला हिस्लॉप नावाचे स्कॉटिश पाद्री होते, हिस्लॉप कॉलेजला नाव त्यांचंच. धर्मप्रचाराचं काम, पण सगळा जीव दगडात अडकलेला. त्यांनी अन् त्यांचे जोडीदार हंटर यांनी नागपूर भागातले जीवाश्म जमवले, त्यात मांगलीच्या वाळूच्या दगडातली ही कवटी. ती गेली लंडनला अन् १८५५ साली वर्णन कोणी केलं असंल? पुन्हा तुमचा तो ओवेनच. पूर्ण नाव ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स. कवटी आजही तिकडंच, नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या संग्रहात.

अन् मोठी गोष्ट अशी की पुढं याच्या नावावरनं आख्खं कूळ झालं, ब्रॅकिऑपिडी. ऑस्ट्रेलियात, दक्षिण आफ्रिकेत त्या कुळातले प्राणी सापडले की घराण्याचं नाव मांगलीच्या भाऊचं लागते. हाय का नाही मान?

चिंचपोकळी_स्लो
हा बेडूक होता की मगर? फोटोत तर पाठीवरून इस्त्री फिरवल्यासारखा दिसतोय.

बसाल्ट_बाबू
ठेचाभाऊ, मनापासून धन्यवाद, मी त्यावरच येणार होतो. फक्त धाग्याच्या मथळ्यातला 'खापरपणजोबा' तेवढा सैल वापरलाय. ब्रॅकिऑप्स बेडूक नाही. तो टेम्नोस्पॉन्डिल या उभयचरांच्या फार मोठ्या नामशेष गटातला. आजचे बेडूक-सॅलमँडर याच गटाच्या एखाद्या फांदीतून निघाले असं बरेच लोक मानतात, पण ती फांदी ब्रॅकिऑप्सची नव्हे. त्याला फार तर चुलत घराण्यातला आजोबा म्हणा.

डोकं पसरट, पुढून गोलसर, डोळे अगदी पुढे आणि वरच्या बाजूला. पाण्याच्या तळाशी पडून राहायचं, वरून काही गेलं की जबडा उघडायचा, पाण्याच्या ओढीबरोबर भक्ष्य आत. या कुळाची डोकी पाहून शिकारीची पद्धत अशी असावी असं समजतात.

आणखी एक बघण्यासारखी गोष्ट म्हणजे या मंडळींचे दात. दात आडवा कापून घासून भिंगाखाली धरला तर आतला थर नुसता आत-बाहेर दुमडत गेलेला दिसतो, वाट सापडू नये असा. जुन्या पुस्तकांत या सगळ्यांना लॅबिरिंथोडॉन्ट, म्हणजे चक्रव्यूहासारख्या दातांचे, म्हणायचे ते त्यामुळेच.

गोट्या
पोरांना सांगायला मोठ्ठा कोणता होता? माझा भाचा विचारतो, डायनासोरला खाणारा बेडूक होता का.

बसाल्ट_बाबू
भाच्याला मॅस्टोडॉनसॉरस द्या. जर्मनीत मिळाला, ट्रायासिक काळातला, नुसती कवटीच मीटरभराच्या पुढे. खालच्या जबड्यात पुढे दोन सुळे, ते इतके लांब की तोंड मिटलं की वरच्या जबड्याला असलेल्या भोकांतून वर निघायचे. आणि ऑस्ट्रेलियाचा कूलासुकस, या गटातला सगळ्यात शेवटपर्यंत टिकलेला, तो डायनासोरांच्या ऐन भरात तिथल्या थंड नद्यांत होता. मोठ्या डायनासोराला नाही पण पाण्यावर आलेल्या एखाद्या पिल्लाला त्याने सोडलं असेल असं वाटत नाही. हा शेवटचा माझा अंदाज, भाच्याने परीक्षेत लिहू नये.

गोट्या
काका आणि तो बाणासारख्या डोक्याचा? आमच्या फॅमिली ग्रुपवर व्हिडिओ आला होता की जिवंत सापडला म्हणून. बादलीत ठेवलेला.

प्रॅक्टिकलच्या_बाई
डिप्लोकॉलस. टेक्सासच्या पर्मियन खडकातला, नामशेष होऊन २५ कोटींहून जास्त वर्षं झाली. तो बादलीतला म्हणजे जपानमधल्या एका कलाकाराने केलेलं मॉडेल आहे, दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा जिवंत होतं. आमच्या ग्रुपवर तो कोकणात सापडला होता.

निवांत_पेठ
आमच्याकडे तो खडकवासल्यात सापडला होता आणि पुढे पाठवल्यावर चांगली बातमी मिळणार होती.

कोथरूडची_मावशी
विषयांतर करते पण राहवत नाही. आम्ही इथे आलो तेव्हा आजूबाजूला शेतं होती, पहिला पाऊस पडला की रात्रभर झोपू द्यायचे नाहीत बेडूक. पिवळेजर्द मोठे बेडूक चरीत बसलेले असायचे, माझी सासू म्हणायची लग्नाला नटून आलेत. आता चर नाही, पेव्हर ब्लॉक आहेत. जीवाश्मांचं कौतुक करा पण जिवंत होते ते कुठे गेले ते पण विचारा कोणीतरी.

ओलीचिंब
मावशी +१. ताम्हिणी, मुळशी, भोरकडे अजून खूप आहेत, पण शहरात ओढे पाइपात गेले तिथे संपलं. आणि उभयचर म्हणजे फक्त बेडूक नव्हे हं, आपल्या सह्याद्रीत देवगांडूळ आहे. बिनपायाचा, मातीत राहणारा, दिसायला गांडूळ पण कणा असलेला, जबड्यात दात असलेला. लोक सापाचं पिल्लू समजून ठेचतात. त्याला मारू नका एवढं लिहून ठेवते. सॅलमँडर मात्र महाराष्ट्रात नाहीत, त्यासाठी दार्जिलिंगकडे जावं लागतं.

शंकासुर
बरं, एक विचारतो. हा मुंबईचा बेडूक डायनासोर मेल्यानंतरचा ना? मग ज्या संकटात एवढाले डायनासोर गेले त्यात हा पातळ कातडीचा प्राणी कसा वाचला? बेडूक तर म्हणे जरा पाणी बिघडलं की मरतात.

बसाल्ट_बाबू
हो, मुंबईचे थर ट्रॅपच्या उत्तरार्धातले, डायनासोर गेल्यानंतरचे. कसा वाचला याचं एकच एक उत्तर नाही. लहान शरीर, थोडक्यात भागतं, चिखलात-बिळात दडी मारून वाईट दिवस काढता येतात, ही नेहमी दिली जाणारी कारणं, आणि मला ती पटतात. २०१७ साली जनुकांवरून एक मोठा अभ्यास झाला, त्यात असं दिसलं की आजच्या बेडकांपैकी सुमारे ८८ टक्के जाती ज्या तीन मोठ्या शाखांमधून आल्या त्या त्या संकटाच्या आगेमागेच फुटल्या. जागा रिकाम्या झाल्या आणि बेडकांनी त्या भरल्या. इंडोबॅट्रॅकस नेमका त्या धामधुमीच्या नंतरचा आहे, म्हणून तो इवलासा असला तरी महत्त्वाचा. मुंबईत इतके बेडूक एकाच थरात का मेले यावर मात्र लोक काहीही बोलतात, विषारी वायू काय, उकळलेलं तळं काय. तळं आटलं तरी तेवढे मरतात.

टेकडीवाला
सगळं अप्रतिम चाललंय पण माझा मूळ प्रश्न मांगलीला जाऊन बसला. पुणं??

वऱ्हाडी_ठेचा
बसू द्या की, थंड हवा हाय का आमच्याकडं. अन् मांगली शोधायला निघालेल्यांनी आधी विचारून या, या नावाची गावं आमच्याकडं पायलीला पन्नास. हिस्लॉप साहेबाचंच बघा, १८६३ मध्ये टाकळघाटाकडं दगडांची जुनी वर्तुळं बघायला गेले अन् परत येताना नदीला पूर, त्यातच बुडाले. दगडाच्या नादाचं असं असते.

बसाल्ट_बाबू
टेकडीवाला, आता पुणं.

मघाशी म्हटलं तसं, जीवाश्म हवे तर दोन थरांत निवांत वेळ हवा आणि तळं हवं. ट्रॅपच्या कडेला, म्हणजे नागपूर-छिंदवाड्याकडे, लाव्हा कधीमधी पोचायचा, थरही थोडेच. तिथे तळ्यांना भरपूर वेळ मिळाला म्हणून तिथले इंटरट्रॅपियन जीवाश्मांनी भरलेले आहेत. मुंबईची गोष्ट निराळी, तिथला लाव्हा उशिराचा आणि किनाऱ्याजवळ सखल पाणथळ जागा होत्या. आपण मात्र सह्याद्रीच्या भर जाडीत बसलोय. इथे थरावर थर भराभर आले, पश्चिमेला ही जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. तळ्याचा गाळ साठायला उसंतच फारशी नाही. त्यामुळे पुण्यात हातोडी घेऊन बेडूक शोधणं म्हणजे पाण्यातून लोणी काढणं.

तरी दोन लाव्हांच्या मधली ती उसंत पुण्यात डोळ्यांनी बघता येते. दिवे घाटात, कात्रजला, सिंहगडाच्या रस्त्याला डोंगर कापलेला आहे तिथे काळ्या दगडात मधेच विटकरी तांबडा पट्टा दिसेल, कुठे वीतभर, कुठे पुरुषभर. तो तांबडा बोल. नखाने खरवडला की भुगा हातात येतो, आणि वरच्या लाव्ह्याला टेकलेली बाजू जास्त लाल आणि कडक असते, कारण ती भाजली गेलीय. तेव्हाची झिजलेली जमीन किंवा राख, तिच्यावर पुढचा लाव्हा आला. पोरांना तो दाखवा.

शंकासुर
आणि पुण्याखाली खोल खणलं तर? मांगलीचा तो वाळूचा दगड ट्रॅपच्या खालचाच ना? मग आपल्याही खाली असेल.

बसाल्ट_बाबू
वा, हा प्रश्न आवडला. मांगलीचे खडक गोंडवाना म्हणतात त्या जुन्या गाळाच्या दगडांतले, ट्रॅपच्या आधीचे, बरोबर. पण ते सगळीकडे पसरलेले नाहीत, जुन्या नद्यांच्या खचलेल्या खोऱ्यांतच साठले. वर्धेच्या खोऱ्यात आहेत, प्राणहिता-गोदावरीत आहेत. तिथेच सिरोंच्याच्या पलीकडे मालेरीच्या लाल चिखलदगडात कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या लोकांनी आणखी मोठे टेम्नोस्पॉन्डिल शोधलेत, कॉम्प्सोसेरॉप्स, कुट्टीसेफॅलस. हो, स्टॅटिस्टिकलच. तिथे भूशास्त्राचा फार चांगला विभाग आहे, हे लोकांना खरं वाटत नाही.

आपल्या बाजूला मात्र कोयनेजवळ भूकंपाच्या अभ्यासासाठी खोल भोक पाडलं तेव्हा सुमारे ९३० मीटर बसाल्ट लागला आणि त्याच्या खाली थेट ग्रॅनाइटसारखा जुना खडक, मध्ये गोंडवाना नाही. पुण्याखालीही बहुधा तसंच असेल.

चिंचपोकळी_स्लो
म्हणजे खाली पण नाही, वर पण नाही. पुणेकरांनी स्वतःच जीवाश्म व्हावं आता.

निवांत_पेठ
झालोय. फक्त आम्हाला बघायची वेळ ठरलेली आहे, पाटी वाचा.

ओलीचिंब
टेकडीवाला, टेकडीवर मुलांना दगड फोडू देऊ नका प्लीज, वनखात्याची जागा आहे आणि दगडाखाली विंचू, पाली, बेडूक सगळे असतात. उचललेला दगड परत तसाच ठेवायला शिकवा.

टेकडीवाला
नाही नाही, हातोडी नाहीच. बाबूकाका, दिवे घाटातला तांबडा बोल नक्की ठरवतो, पालखी पुढे गेली की त्यानंतरच्या रविवारी, नाहीतर गर्दीत पोरं हरवायची. बाई, तुमच्याकडे ते नडगीचं हाड अजून असेल तर एक दिवस उसनं द्याल का? खोबण प्रत्येकाला हात लावून बघू दे.

प्रॅक्टिकलच्या_बाई
काडेपेटीत कापूस घालून ठेवलंय, दोन आहेत. एक तुमचं. पण परत हवं, मी मागितलेलं विसरत नाही.

वऱ्हाडी_ठेचा
अन् पोट्ट्यांना ब्रॅकिऑप्सचं चित्र पण दाखवजा, नुसतं मुंबईचं कौतुक नका करू.

शंकासुर
मला ऑस्ट्रेलियाचं नातं अजून पटलेलं नाही, त्यावर वेगळा धागा काढतो. घाटात येतोय, गाडीत तीन जागा आहेत, कर्वे पुतळ्यापाशी सकाळी सहाला. उशीर करणाऱ्यांनी पीएमटीने यावं.